सोसण्याचा सल्ला

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या निरोप समारंभापासून सेवानिवृत्तीच्या सत्कारापर्यंत कुठेही चालते. "आलिया भोगासी असावे सादर" ही ओळ कीर्तनात ऐकू येते, तशी शोकसभेतही ऐकू येते. दहावीचा निकाल लागला की प्रतिकूल परिस्थितीवर मात करणाऱ्या मुलांच्या बातम्या आपण आवडीने वाचतो, आणि ती परिस्थिती प्रतिकूल कोणी ठेवली, हा प्रश्न बातमीच्या चौकटीबाहेर राहतो. गोव्यात गेल्या दहा-बारा वर्षांत या विचाराला आणखी एक व्यासपीठ मिळाले. खाणी बंद पडल्या तेव्हा संकटाकडे संधी म्हणून पाहा, असा उपदेश डिचोली-सत्तरीपासून सांगे-धारबांदोड्यापर्यंतच्या माणसांना व्याख्यानांतून आणि मार्गदर्शन शिबिरांतून पुष्कळ झाला. दुःखाच्या स्वीकारातून माणूस वाढतो, हे मला मान्य आहे. परंतु हा स्वीकार ज्याचा त्यानेच करायचा असतो, आणि नेमके काय गेले हे त्याला पुरते कळल्यानंतरच तो करता येतो. या दोन्ही गोष्टी नसताना दिलेला सोसण्याचा सल्ला हा बहुधा सल्ला देणाऱ्याच्याच सोयीचा असतो.

स्वेच्छेने पत्करलेले कष्ट आणि लादले गेलेले कष्ट यांतला फरक पाहायला गोवेकराला दूर जावे लागत नाही. डिचोली तालुक्यातल्या शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीला लईराई देवीची जत्रा भरते. धोंड म्हणवणारे व्रतस्थ त्याआधीचे काही दिवस सोवळ्यात राहतात, ठरावीक आहार घेतात, आणि जत्रेच्या रात्री पेटवलेल्या होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी जातात. गळ्यात मोगरीच्या माळा आणि हातात वेताची काठी घेतलेला धोंड निखाऱ्यांकडे धावतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो निर्धार दिसतो, तो खोटा आहे असे कोणीही म्हणणार नाही. पण या कष्टांचे स्वरूप नीट पाहायला हवे. ते कधी सुरू होणार आणि कधी संपणार, हे आधीच ठाऊक असते. व्रत घ्यायचे की नाही, हे ज्याचे तो ठरवतो. घरचे लोक त्याचे सोवळे सांभाळतात, गाव त्याला मान देतो, आणि निखाऱ्यांपलीकडे त्याची माणसे उभी असतात. अशा कष्टांतून माणसाला आत्मविश्वास मिळतो, संयम मिळतो, आपण एकटे नाही याची खात्री मिळते.

त्याच शिरगावाच्या अवतीभवती लोहखनिजाच्या खाणी आहेत. भूजलाच्या पातळीखाली खोदकाम गेले, विहिरी आटल्या, पावसाच्या पाण्याबरोबर खाणीची माती शेतात उतरली. हे कष्ट कोणी व्रत म्हणून घेतले नव्हते. त्यांना संपण्याची तिथी नव्हती, त्यातून बाजूला होण्याची मुभा नव्हती, आणि पलीकडे कोणी उभेही नव्हते. 2025 च्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, तेव्हा गर्दीच्या नियोजनाबद्दल प्रश्न विचारले गेले आणि चौकशी समिती नेमली गेली. ते योग्यच झाले. देवीवर अढळ श्रद्धा असलेल्या गावातही माणसांनी निखारा आणि निष्काळजीपणा या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्या नाहीत. लादलेल्या कष्टांबद्दल बोलताना मात्र आपण धोंडाची भाषा वापरतो, हीच मूळ गफलत आहे.

खाणबंदीचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. एप्रिल 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेसह बंदी उठली आणि पुढच्या वर्षी काही खाणी सुरू झाल्या. 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द ठरवले, आणि मार्चच्या मध्यापासून सगळे पुन्हा ठप्प झाले. नव्या लिलावांना 2022 ची अखेर उजाडली. या दहा वर्षांत खाण अवलंबितांना सर्वांत जास्त काय मिळाले असेल, तर ते आश्वासन. पावसाळा संपला की सुरू होणार, निवडणूक झाली की सुरू होणार, कायद्यात दुरुस्ती झाली की सुरू होणार. प्रत्येक पक्षाने हे सांगितले आणि सत्तेत आल्यावर पुन्हा सांगितले.

याचा परिणाम काय होतो, ते साखळी-डिचोली भागातल्या वाड्यांवर दिसत असे. घराच्या बाजूला ताडपत्री घातलेला टिप्पर उभा. बॅटरी उतरू नये म्हणून मालक अधूनमधून इंजिन सुरू करून काही मिनिटे तसेच ठेवतो. एका जागी उभे राहून टायरांना भेगा पडलेल्या, पावसाळ्यात चाकांतून वर चढलेली वेल मागच्या हौद्यापर्यंत पोचलेली, आणि तरीही काचेवरच्या देवाच्या चित्राला रोज ताजे फूल. हा माणूस आळशी नव्हता, आणि त्याला धीर नव्हता असेही नाही. धीर होता म्हणून तर तो थांबला. खाण कायमची गेली, असे त्याला कोणी पहिल्याच वर्षी स्पष्टपणे सांगितले असते, तर तो रडला असता, चिडला असता, ट्रक तोट्यात विकून कर्जाचा काही भाग फेडला असता, आणि त्यानंतर कधीतरी त्याने नव्या कामाचा विचार सुरू केला असता. स्वीकार म्हणतात तो याच क्रमाने होतो. पण ज्याची हानी अजून निश्चितच झालेली नाही, त्याने स्वीकारायचे तरी काय? सरकारने कर्जदारांसाठी दिलासा योजना आणली, तिचा काहींना उपयोगही झाला. पण व्याज कमी करणे आणि अनिश्चितता कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम कोणीच अंगावर घेतले नाही. एका बाजूने आशा लावून ठेवायची आणि दुसऱ्या बाजूने वास्तव स्वीकारून स्वतःला घडवा म्हणायचे, असा हा दुटप्पी व्यवहार होता. हे दुःख एवढ्यासाठी सांगावेसे वाटते की या माणसांना मंदीचा फटका बसला तसा आशेचाही बसला, आणि आशेच्या फटक्याची भरपाई मागायला कोणतेही कार्यालय नसते.

याच काळात अनेक घरांत बायकांनी कंबर कसली. बचत गट निघाले, मसाले आणि पापड विक्रीला आले, कोणी शाळांच्या माध्यान्ह आहाराचे काम घेतले, कोणी औद्योगिक वसाहतीत पाळीचे काम धरले. बँकेचे व्यवहार पहिल्यांदाच स्वतः करणाऱ्या, पंचायतीच्या सभेत उभे राहून बोलणाऱ्या या बायका वाढल्या, यात शंका नाही. पण त्यांच्या सत्काराच्या भाषणांत एक गोष्ट येत नाही. बाहेरचे काम वाढले म्हणून घरातले कमी झाले नाही, आणि घरात रिकाम्या बसलेल्या पुरुषाचा वैतागही बहुधा त्यांनीच झेलला. वाढ खरी असते तेव्हाही तिची किंमत कोणीतरी भरत असते, आणि ती भरणारा नेहमी वाढणाराच असतो असे नाही.

गोव्याच्याच मातीतले एक मोठे उदाहरण येथे आठवते. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 1876 मध्ये सांकवाळ येथे झाला. बेताची परिस्थिती, जेमतेम शिक्षण, आणि बुद्धाच्या धर्माविषयी मनात लागलेली ओढ. 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर करीत ते काशीला गेले, तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळपर्यंत पायपीट केली, आणि 1902 मध्ये सिंहलद्वीपाला पोचून पाली भाषेचे अध्ययन सुरू केले. ज्या माणसाला गावात राहून शेतीभाती पाहावी लागली असती, तो पुढे हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांच्या संपादनाला बोलावला गेला. कष्टांच्या स्वीकारातून घडलेल्या माणसाचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही. मात्र या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ते निघाले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी होती. धर्मानंदांनी आपले कष्ट निवडले; बाळाबाईंनी आपले निवडले नव्हते. धर्मानंदांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. पण त्यांच्या चरित्रातून 'कष्ट पत्करा म्हणजे मोठे व्हाल' एवढाच बोध काढणाऱ्याने निम्मेच चरित्र वाचले आहे.

धर्मानंदांनी ज्या विचाराचा आयुष्यभर अभ्यास केला, तो विचारही सोसण्याच्या कौतुकाला फारशी जागा देत नाही. दुःख आहे, हे पहिले आर्यसत्य. ते मान्य करणे ही सुरुवात आहे. त्यानंतर लगेच दुःखाचे कारण येते, त्याचा निरोध येतो, आणि निरोधाचा मार्ग येतो. पहिल्या सत्यावर थांबलेल्या माणसाला बुद्धाचा अनुयायी म्हणता येणार नाही. शिवाय स्वतः सिद्धार्थाने अनेक वर्षे घोर देहदंडन केले आणि ते व्यर्थ आहे असे ठरवून सोडून दिले. कष्टांनी आपोआप ज्ञान होते, या समजुतीला इतके स्पष्ट उत्तर दुसऱ्या कोणी क्वचितच दिले असेल. सिद्धार्थाने घर का सोडले, याविषयी धर्मानंदांचे स्वतःचे मत होते. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून त्याला वैराग्य आले, ही रूढ कथा त्यांनी स्वीकारली नाही. शाक्य आणि कोलिय या शेजारी कुळांमधला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांना अधिक महत्त्वाचा वाटला, आणि त्यासाठी त्यांनी सुत्तनिपात या पाली ग्रंथातील अत्तदंडसुत्ताचा आधार घेतला. अपुऱ्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी आणि एकमेकांना विरोध करणारी प्रजा पाहून भय वाटले, असे त्या सुत्तात बुद्धाचे उद्गार आहेत. म्हणजे ज्या दुःखापासून हा शोध सुरू झाला, ते या वाचनाप्रमाणे सार्वजनिक दुःख होते. त्याला कारण होते, त्यात पक्ष होते, त्यावर तोडगा शोधता येत होता. दुःखाचा असा अभ्यास केलेले धर्मानंद 1930 मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

पाण्याचा विषय निघाला म्हणून कुर्डीचे नाव घ्यायलाच हवे. सांगे तालुक्यातले हे गाव साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेले. गावकऱ्यांचे पुनर्वसन वाडे आणि वालकिणी येथे झाले, आणि धरणाचे पाणी दक्षिण गोव्याच्या घराघरांत पोचले. मे महिन्यात जलाशयाची पातळी उतरली की घरांचे चौथरे, बांध, वाटा वर येतात आणि मूळचे गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात. ख्रिस्ती कुटुंबेही आपल्या कपेलाच्या फेस्ताला येतात. या लोकांनी आपले गाव गेल्याचे वास्तव स्वीकारले आहे, असे मला वाटते. उत्सव झाला की ते परततात, पाऊस पडतो, गाव पुन्हा पाण्याखाली जाते. दरवर्षी गावाला भेट देणे म्हणजे स्वीकार न करणे, असे मानणारे काही सुशिक्षित मला भेटले आहेत; पण गेलेल्याचे नाव घेण्याची सोय असणे हा स्वीकाराचाच भाग आहे. मात्र याच विस्थापितांनी नव्या वसाहतीत पिण्याच्या पाण्यासाठी तक्रारी केल्या, तेव्हा त्या तक्रारींकडे 'अजून जुन्या गोष्टी धरून बसले आहेत' अशा नजरेने पाहणे अन्यायाचे होते. गाव गेल्याचे दुःख पचवणे हे त्यांचे काम होते आणि त्यांनी ते केले. धरणासाठी घर देणाऱ्याच्या नळाला पाणी आणणे हे शासनाचे काम होते. पहिले झाले म्हणून दुसरे माफ होत नाही.

कुर्डीचेच नाव लावणाऱ्या गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा दाखला अशा चर्चेत हमखास दिला जातो. 1904 चा जन्म, लहानपणीच नाटक मंडळीतले फिरते आयुष्य, आईचा अकाली मृत्यू, अल्लादिया खाँसाहेबांची तालीम सुटणे आणि पुन्हा मिळवणे, त्यासाठी मुंबईत काढलेली वर्षे. 1974 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. या प्रवासाविषयी आदर न वाटणारा गोमंतकीय विरळा. पण गोव्याच्या देवळांभोवती वाढलेल्या, तशाच घराण्यांत जन्मलेल्या आणि तशाच गळ्याच्या किती मुली त्याच काळात गप्प झाल्या, याची नोंद कोठेही नाही. शिखरावर पोचलेल्या एकीच्या कष्टांना आपण पायऱ्या म्हणतो आणि उरलेल्यांच्या कष्टांना नशीब. देवळांच्या सेवेशी जोडलेल्या या कलावंत समाजाची खरी वाढ कशी झाली, हे पाहिले तर उत्तर आणखी स्पष्ट होते. गोमंतक मराठा समाजाच्या धुरीणांनी मुलींना देवाच्या सेवेला वाहण्याची प्रथा नाकारली, शिक्षणाचा आग्रह धरला, मुला-मुलींची लग्ने लावून दिली, आणि दोन पिढ्यांत त्या घरांतून डॉक्टर, वकील, प्राध्यापक निघाले. जे सोसू नये ते सोसायचे नाही, असे ठरवल्यामुळे हे झाले.

मानसशास्त्राचा आधार घेऊन सोसण्याची शिफारस करणाऱ्यांनी त्या शास्त्राचे म्हणणे पूर्ण ऐकावे. टेडेस्की आणि कॅलहून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात आघातानंतर होणाऱ्या वाढीची कल्पना मांडली. मोठ्या संकटातून गेलेल्या अनेकांना नंतर नाती अधिक मोलाची वाटतात, प्राधान्यक्रम बदलतात, स्वतःच्या ताकदीचा अंदाज येतो. पण त्याच संशोधकांनी हेही स्पष्ट केले की वाढ संकटातून येत नाही, संकटानंतरच्या झगड्यातून येते, आणि ती आली तरी दुःख संपत नाही; दोन्ही एकत्र नांदतात. नंतरच्या अभ्यासकांनी आणखी एक शंका काढली. 'मी या अनुभवाने वाढलो' असे माणूस सांगतो तेव्हा प्रत्यक्षात तेवढा बदल झालेला असतोच असे नाही. कधी कधी ते सांगणे ही स्वतःला सावरण्याची धडपड असते. यात वाईट काही नाही. पण त्यावर सार्वजनिक धोरण उभारता येत नाही.

गोव्यात झालेले एक काम मात्र धोरणासाठी उपयोगी आहे, आणि त्याची चर्चा गोव्यातच सर्वांत कमी होते. 'संगात' या संस्थेने येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेने ग्रासलेल्या रुग्णांसाठी एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशनाचे काम सोपवले. 2010 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झाल्याचे दिसले. पुढच्या एका उपक्रमात तर नैराश्यात खचलेल्या माणसाला रोजच्या छोट्या कामांकडे आणि माणसांकडे परत नेण्यावर भर होता. मला या प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की तेथे कोणी कोणाला दुःखाचे मोल समजावून सांगितले नाही. झोप लागत नाही, अंग दुखते, काळजी वाटते, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे शांतपणे ऐकले गेले, आणि पुढच्या आठवड्यात काय करता येईल हे त्याच्याबरोबर बसून ठरवले गेले. स्वीकार हा एकट्याने बंद खोलीत करण्याचा पराक्रम आहे, ही आपली कल्पना किती चुकीची आहे, हे यावरून कळते. खाणपट्ट्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात असे एक माणूस 2012 पासून बसवले असते, तर त्याचा खर्च एखाद्या महोत्सवाच्या मांडवाहून जास्त झाला नसता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. प्रत्येक दुःखाचे कारण शोधत आणि भरपाई मागत बसलेला माणूस कडवट होतो, त्याचे आयुष्य अर्जांत आणि खटल्यांत जाते, त्यापेक्षा झाले ते झाले म्हणून पुढे जाणारा सुखी होतो. अशी माणसे मीही पाहिली आहेत. परंतु कडवटपणा मागण्यामुळे येतो की मागणी वर्षानुवर्षे टाळली गेल्यामुळे, हे तपासायला हवे. ज्या विस्थापिताला त्याची जमीन वेळेवर मिळाली, तो कचेरीच्या पायऱ्यांवर म्हातारा होत नाही. शिवाय पुढे जाणे आणि हक्क सोडणे या गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. दुसरा धंदा सुरू करूनही मातीखाली गेलेल्या शेताची भरपाई मागता येते, आणि पिसुर्ले-मयेसारख्या गावांतल्या शेतकऱ्यांनी ती मागितली. मृत्यू, असाध्य आजार, वार्धक्य यांच्यासमोर मागण्यासारखे काही नसते. तेथे स्वीकाराखेरीज वाट नाही आणि तेथे तो माणसाला फार मोठे करतो. मानवनिर्मित हानीला त्याच रांगेत बसवणे, हा त्या मोठेपणाचा गैरवापर आहे.

आता लिलाव झाले आहेत आणि काही पट्ट्यांतून खनिज पुन्हा निघू लागले आहे. न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने खनिजविक्रीच्या दहा टक्क्यांतून गोव्यासाठी कायमस्वरूपी निधी उभारायला सांगितले, आणि 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर बाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. पैशाची वाट त्यामुळे निदान कागदावर आहे. राहिले आहे ते एक अप्रिय काम, आणि वास्तव स्वीकारण्याचा उपदेश करणाऱ्यांनी तो या कामापासूनच अंमलात आणावा. डोंगरातले खनिज संपणारे आहे. प्रत्येक पट्ट्याजवळच्या पंचायतीला तेथील साठा अंदाजे किती वर्षे पुरेल, खाण बंद होण्याची अपेक्षित वेळ कोणती, आणि तोवर त्या गावातल्या टिप्परवाल्यांना, गॅरेजवाल्यांना, बार्जवरच्या खलाशांना दुसऱ्या कामासाठी कोणती मदत मिळेल, हे शासनाने लेखी सांगावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. निवडणुकीच्या तोंडावर असे वाचन करणे कोणत्याही पक्षाला जड जाईल. तेवढे कष्ट त्यांनी सोसावेत.